संध्याकाळची गोळी

चंद्रहासच्या नावाची रक्तदाबाची गोळी दोन माणसं घ्यायची. सकाळची चंद्रहास घ्यायचा, इथे लायडनमध्ये. संध्याकाळची त्याचा थोरला भाऊ रविकांत घ्यायचा, मिरजेत. डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे मात्र दोन्ही गोळ्या एकाच पोटात जात होत्या.

चंद्रहास माझा नवरा. आमचं लग्न प्रेमाचं, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. गोळ्यांचा हा उद्योग मला पहिल्यापासून माहीत होता आणि पहिल्यापासून नापसंत होता. तसं मी उठता-बसता बोलूनही दाखवत होते. पण ह्या माणसाला कुठलीही गोष्ट पटायला पुरावा लागतो, आणि भावाच्या बाबतीत पुरावाही चालत नाही.

रविभाऊजींना औषध परवडत नव्हतं असं मुळीच नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच औषधांचं दुकान आहे. भानगड वेगळी होती. लहानपणी भाऊजींना विषमज्वर झाला, तेव्हा ते आईच्या हातचंही औषध थुंकून टाकायचे. धाकट्या चंदूने दिलं की मुकाट्याने घ्यायचे. ते बरे झाले आणि चंदूच्या हाताला गुण आहे हे त्या घरात कायमचं ठरून गेलं. पुढे म्हातारपणी भाऊजी आमच्याकडे राहायला आले, प्रवासात त्यांची औषधांची पिशवी हरवली आणि रक्तदाब चढला. चंद्रहासने आपल्यातल्या गोळ्या दिल्या. लगेच भाऊजी खडखडीत बरे होऊन कालव्याकाठी बदकांना पाव घालायला लागले. झालं! तेव्हापासून दुसरी गोळी त्यांच्या घशाखाली उतरेना. "चंदू, तू दिलेलीच लागू पडते बघ मला," ते फोनवर म्हणायचे. "इथली घेतली की नुसतं डोकं जड होतं."

जन्मभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रथिनांवर संशोधन केलेला हा माणूस. हाताचा गुण वगैरे ऐकून त्याने हसायला हवं होतं. तो हसलाही. आणि त्याच आठवड्यापासून संध्याकाळच्या गोळ्या बाजूला ठेवायला लागला.

"तुला डॉक्टरेट दिली कोणी?" मी विचारलं.

"दादा आहे तो," चंद्रहास म्हणाला. हे त्याचं उत्तर.

साठलेल्या गोळ्यांची पाकिटं बिस्किटांच्या डब्यात तळाशी जायची, वर कागद, कागदावर इथली पाकातली बिस्किटं. लायडनला शिकणारी मराठी मुलं सुट्टीत घरी जायची, त्यांच्यापैकी कोणीतरी डबा नेऊन द्यायचं. डब्यात खाली काय आहे हे त्या मुलांनाही माहीत नसायचं. चंद्रहासने भाऊजींना दत्ताची शपथ घातली होती, की काही झालं तरी हे कोणाला सांगायचं नाही. स्वतःच्या मुलाला, सुयशलाही नाही. आणि ऋजुताला तर नाहीच नाही.

ऋजुता आमची मुलगी. जन्मली इथे, वाढली इथे, आता आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते. तिच्या घरात मसाल्याच्या बरण्यांवरसुद्धा तारखा असतात. मी एकदा शेजारणीला माझ्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तर हिने मला असं फैलावर घेतलं की मी आठवडाभर तिचा फोन उचलला नाही. विम्याच्या पैशातून मिळालेलं औषध बाप परदेशी धाडतो हे कळलं असतं तर तिने आधी त्याला आणि मग मिरजेला फोन लावून भाऊजींना झापलं असतं. चंद्रहासला भीती होती ती दुसऱ्या फोनची. "दादाला ती काहीतरी बोलेल, आणि तो मनाला लावून घेईल," तो म्हणायचा.

आमच्या फॅमिली डॉक्टरला इथे हाउसआर्ट्स म्हणतात. त्याच्याकडे नेहमीची औषधं पुन्हा मागवायची म्हणजे दर तीन महिन्यांनी दवाखान्याच्या फोनवर नाव, जन्मतारीख आणि गोळीचं नाव सांगायचं. मग अपोथेकमधून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, पिशवी आणायची. फोनवर पलीकडे माणूस नसायचाच, यंत्र असायचं. तरी चंद्रहास त्या यंत्राशी डच भाषेत घोटून घोटून सभ्यपणे बोलायचा आणि शेवटी आभार मानायचा. दवाखान्यातली नर्स मधूनमधून त्याचा रक्तदाब बघायची. अर्ध्या औषधावर तो चढलेलाच निघायचा. मग डॉक्टरांनी गोळी जास्त ताकदीची केली. त्या जड गोळीची सकाळची एक चंद्रहासला पुरली, संध्याकाळची एक भाऊजींना मानवली, नर्स खूश झाली. मी म्हटलं, चला, ह्या घरात गाढवपणालाही देव पावतो.

मग दवाखान्याने फोनचं यंत्र बंद केलं आणि औषधं ॲपवर मागवायची पद्धत आणली. ॲपला सभ्यपणाचं कौतुक नाही. मुदतीच्या आधी मागणी केली की ते सरळ सांगतं, तुमच्याकडे अजून गोळ्या असायला हव्यात. नेमका तेव्हाच कुणाल घरी निघाला. कुणाल म्हणजे पीएचडी करणारा पुण्याचा मुलगा, प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण चंद्रहासला दाखवायला यायचा. त्याच्यानंतर उन्हाळ्यापर्यंत कोणी जाणारं नव्हतं. भाऊजींना तोवर पुरेल एवढा साठा चंद्रहासला हवा होता. त्याने दवाखान्यात फोन करून सांगितलं, पिशवी ट्रेनमध्ये राहिली. त्यांनी गोळ्या दिल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा सांगितलं, डबी बेसिनमध्ये सांडली. त्याही दिल्या. तिसऱ्यांदा त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दवाखान्यातल्या बाईने त्यांच्याकडे नोंदवलेल्या आमच्या नातेवाइकाला, म्हणजे ऋजुताला, फोन केला. तुमचे वडील हल्ली फार विसरतात का, असं विचारलं.

शनिवारी ऋजुता आली ती कोटही न काढता स्वयंपाकघरात बसली.

"बाबा, be honest. गोळ्या हरवतात, की तू घेतल्याचं विसरून परत घेतोस?"

मी कणीक मळत होते. मी हात थांबवले. मला वाटलं, आता सांगेल. ओरडा खाईल, चार दिवस घरात धुसफूस होईल आणि मिटेल. चंद्रहासने चष्मा काढून पुसला.

"विसरत असेन," तो म्हणाला. "वय झालं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगांचे आकडे तोंडपाठ, तो माणूस शांतपणे सांगत होता की मी विसरतो. ऋजुताचे डोळे भरून आले. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. एरवी ती असं करत नाही. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं, पण बापलेकीचं इतकं गोड चाललं होतं की मी मूग गिळून बसले.

ती गेल्यावर मात्र मी तोफ डागली. "भावाला ओरडा बसू नये म्हणून तू वेडा ठरणार?"

"वेडा नाही गं, विसराळू. प्रोफेसर विसराळू असतातच." हे त्याला विनोदी वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात औषधांचा रोल आला. हा इथला प्रकार. सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून प्लास्टिकच्या छोट्या पुड्यांमध्ये भरतात, पुड्यांची लांब माळ करतात आणि प्रत्येक पुडीवर नाव, वार आणि वेळ छापतात. पुडी फाडायची आणि गिळायची. चंद्रहासच्या नावाची ती गुंडाळी ओट्यावर बसली. ॲपही ऋजुताच्या फोनवर गेलं. सकाळी आणि संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करायची आणि बाप पुडी फाडून गिळेपर्यंत बघत राहायची. मीटिंगमध्ये असली तरी आवाज बंद करून बघायची. मुलीने बापाची एवढी काळजी घेतलेली मी तरी पाहिली नाही, म्हणून तर रागावायचीही सोय नव्हती.

तेव्हा मला उलट बरंच वाटलं, हे खरं आहे. आता निदान हा स्वतःचं औषध स्वतः तरी खाईल. पण ती गोळी जड केलेली होती ती अर्ध्याच्या हिशेबाने. आता ती दोन्ही वेळेला पोटात जायला लागली, आणि चंद्रहास मंदावला. खुर्चीतून उठला की भिंत धरायचा. जिन्यात मध्येच थांबायचा. वाक्य सुरू करायचा आणि शेवट शोधत बसायचा. सायकल काढली आणि कोपऱ्यावरून परत आणून ठेवली.

"सांगून टाक," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगते."

"सांगितलंस तर बघ. थोडे दिवस थांब, सवय होईल शरीराला."

त्याच दिवसांत दवाखान्यातल्या नर्सने आठवणीची तपासणी केली. ऋजुता रजा काढून आली होती. कागदावर घड्याळ काढा म्हणाली, चंद्रहासने काटे काढता काढता डोळे मिटून घेतले. आधी सांगितलेले पाच शब्द आठवा म्हणाली, त्याला दोनच आठवले. त्याचं डोकं गरगरत होतं, आणि ते कबूल करायचं तर का गरगरतं तेही सांगावं लागलं असतं. बाहेर आल्यावर ऋजुता दारामागे जाऊन रडली. कुणाल मिरजेला डबा पोचवून परत आला होता. त्याच्या कानावर गेलं तसं त्याने प्रबंधाचं पुढचं प्रकरण आणलंच नाही. "सरांना त्रास नको," म्हणाला, आणि येताना फळं घेऊन आला. आजारी माणसाला नेतात तशी.

एका सकाळी चंद्रहास न्हाणीघरात पडला. फार लागलं नाही, पण डॉक्टरांकडे न्यावंच लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो पार खाली गेलेला. त्यांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा ऋजुताकडे बघितलं. मला वाटलं, सुटलो. आता आपोआपच सगळं उजेडात येईल.

"आता चित्र स्पष्ट झालं," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण औषध पोटात गेल्यावर रक्तदाब इतका उतरतो, म्हणजे आधी पूर्ण औषध जातच नव्हतं. ते अर्ध्या वेळा गोळी विसरत होते. बहुधा बरीच वर्षं."

त्यांनी संध्याकाळची गोळी बंद केली. इतकी वर्षं चंद्रहासने जी गोळी चोरून वाचवली, ती आता रीतसर बंद झाली, आणि तो विसरतो ह्यावर त्याच्याच रक्ताने साक्ष दिली. तो माणूस यंत्राचा पट्टा आवळलेल्या हाताकडे बघत बसून राहिला.

त्या रविवारी भाऊजींचा फोन आला. चंद्रहासने घाबरत घाबरत सांगितलं की दादा, आता गोळ्या पाठवायला जमणार नाही.

"अरे, मग राहू दे की," भाऊजी म्हणाले. "मागच्या महिन्यात डबा यायच्या आधी संपल्या होत्या, तेव्हा सुयशने इथल्याच आणल्या. तशाच आहेत रे. काही डोकंबिकं जड झालं नाही. तू तुझी तब्येत सांभाळ."

फोन ठेवून चंद्रहास हसायला लागला. इतका हसला की मला भीती वाटली. ज्या गुणापायी हा नवरा पडवीतल्या म्हाताऱ्यासारखा बसून राहिला होता, तो गुण मिरजेच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हातातही निघाला.

तरी आम्ही सांगितलंच असतं असं नाही. झाकली मूठ तशीच राहिली असती. पण ऋजुता आणि जावई घराचे फोटो घेऊन आले. आइंडहोव्हनला त्यांच्या जवळ वृद्धांसाठी इमारत आहे, खाली नर्स असते, दाराला आतून कडी नसते. लायडनचं घर विकायचं. तिने आधीच नाव घातलं होतं, कारण रांग मोठी. "बाबांना एकट्याने बाहेर जायचं झालं तर तिथे safe आहे," ती म्हणाली. बाबा समोर बसलेला असताना ती हे मला सांगत होती.

संध्याकाळची गोळी बंद झाल्यापासून चंद्रहासचं डोकं स्वच्छ झालं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. वर्गात शिकवायचा तसं, पहिल्यापासून, क्रमाने. विषमज्वर, हाताचा गुण, हरवलेली पिशवी, बिस्किटांचा डबा, खोट्या सबबी, चढलेला रक्तदाब, उतरलेला रक्तदाब. एकही दुवा निसटला नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

ऋजुताने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, it's okay. डॉक्टर म्हणालेच होते. माणसं जे विसरतात तिथे गोष्ट तयार करतात. मुद्दाम नाही करत."

"गोष्ट नाही, खरं आहे ते!" मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर घडलंय सगळं."

"आई, please. तू कायम बाबाला cover करतेस."

आणि ते खोटं नव्हतं. तिच्या वाढदिवसाला तो प्रयोगशाळेत अडकला तर मी सांगायचे, बाबांनीच केक आणलाय, आणि पटलं नाही तरी ती माझ्यासाठी हसायची. शाळेच्या कार्यक्रमाला आला नाही तर मी सांगायचे, मागे उभे होते. बापलेकीच्या मध्ये मी जन्मभर पांघरूण घातलं. आज खरं बोलायला तोंड उघडलं तर त्या तोंडाची पत आधीच संपलेली होती.

"दादाला विचार," चंद्रहास म्हणाला. "आत्ता लाव फोन. माझ्यासमोर."

ऋजुताने लावला आणि स्पीकरवर टाकला. आम्ही चौघं टेबलाभोवती वाकलो.

"काका, मी ऋजुता. एक विचारायचं होतं. बाबा तुम्हाला इथून blood pressureच्या गोळ्या पाठवायचा का? इतकी वर्षं?"

पलीकडे मिरजेच्या रस्त्यावरची रिक्षा तेवढी वाजली.

"गोळ्या?" भाऊजी म्हणाले. "छे गं पोरी. बिस्किटं पाठवायचा. फार छान असतात. औषध मी इथलंच घेतो की."

"दादा," चंद्रहास फोनवर ओणवा झाला. "मी आहे इथे. सांग तिला. मीच सांगतोय, सांग."

"काय सांगू रे चंदू?" भाऊजींचा आवाज एकदम जपून यायला लागला. थोरल्या भावाने धाकट्याला मास्तरांच्या छडीपासून वाचवावं तसा. "तू कशाला गोळ्या पाठवशील? तुला तिथे किती कामं. ऋजुता, बाळा, त्याला रागावू नकोस हं. त्याने काही केलेलं नाही."

"भाऊजी, शपथ मोडली तरी चालेल!" मी ओरडले. "खरं सांगा!"

"मालिनी, तूसुद्धा काय गं," ते म्हणाले. "कसली शपथ?"

ऋजुताने त्यांचे आभार मानले, तब्येत विचारली आणि फोन ठेवला. तिने उठून बापाच्या खांद्यावर शाल घातली आणि चहा टाकायला गेली. आता भाऊजींना पुन्हा फोन करून कबूल करायला लावलं असतं, तरी ते पढवलेलंच वाटलं असतं. शपथ चंद्रहासनेच घातली होती आणि त्याच्या दादाने ती अक्षरशः पाळली.

ती दोघं गेल्यावर मी दिवा लावला आणि ओट्यावरच्या रोलमधली उद्याची पुडी बाजूला काढून ठेवली. चंद्रहास अजून तसाच शाल घेऊन बसला होता.

"मालिनी," तो म्हणाला, "मी पाठवायचो ना गं गोळ्या?"

"पाठवायचास," मी म्हणाले. "डब्यात कागद मीच घालायचे."

त्याने मान हलवली, माझा हात थोपटला आणि कसनुसा हसला. वाढदिवसाच्या केकची गोष्ट ऐकून ऋजुता जशी हसायची, तसाच.